‘ऑनररी कॅप्टन’ म्हणजे तोतया नव्हे

‘फौजेतला खरा अधिकारी कसा ओळखाल?’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश गेले काही दिवस व्हॉट्सॲपवर फिरत आहे. परळला माझे मामा राहतात त्या इमारतीच्या गटातही तो आला आणि संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याने त्याचा आधार घेऊन मामांना दारावरच्या पाटीतला ‘कॅप्टन’ हा शब्द काढून टाकण्याची सूचना सर्वांदेखत केली. मामांनी तीस वर्षांहून अधिक काळ सैन्यात नोकरी केली, ते सुभेदार मेजर झाले आणि निवृत्तीच्या वेळी त्यांना ऑनररी, म्हणजे मानद, कॅप्टन हे पद मिळाले. त्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी उतरवली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि कपाटावर ठेवून दिली. ते बोलणार नाहीत, म्हणून मला लिहावे लागत आहे.

संदेशाचे म्हणणे असे आहे: सैन्यात अधिकारी आणि जवान असे दोनच वर्ग असतात, सुभेदार म्हणजे बढती मिळालेला हवालदार, त्याला कमिशन (म्हणजे राष्ट्रपतींच्या नावाने होणारी नेमणूक) नसते, ज्याच्या खांद्यावर तारे तो अधिकारी, जवान कधीही अधिकारी होऊ शकत नाही, आणि ‘ऑनररी कॅप्टन’ म्हणवून घेणारे तोतये असल्यामुळे त्यांची तक्रार करावी.

पहिल्या दोन मुद्द्यांसाठी 1950चा सेना अधिनियम उघडून पाहणे पुरेसे आहे. त्याचे कलम 10 सांगते की राष्ट्रपती एखाद्या व्यक्तीला अधिकारी म्हणून किंवा ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर (जेसीओ) म्हणून कमिशन देऊ शकतात. नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर ही पदे या दुसऱ्या वर्गातली असून रणगाडा दलात त्यांनाच नायब रिसालदार, रिसालदार आणि रिसालदार मेजर म्हणतात. म्हणजे सुभेदाराला कमिशन असते, आणि ते राष्ट्रपतींच्या अधिकारातून आलेले असते. हवालदार, नाईक आणि लान्स नाईक मात्र कमिशनविना असलेल्या पदांवर असतात, आणि त्यांच्या खाली शिपाई. अर्धे सत्य मान्य करायचे तर तेही याच कायद्यात आहे. कलम 3 मधील ‘अधिकारी’ या शब्दाच्या व्याख्येतून जेसीओंना स्पष्टपणे वगळलेले आहे, त्यामुळे सुभेदार हा कायद्याच्या अर्थाने ‘अधिकारी’ नाही, हे खरे. पण अधिकारी नाही म्हणजे थेट जवान, हा निष्कर्ष संदेश लिहिणाऱ्याच्या पदरचा आहे. अधिकारी आणि जवान यांच्या मधला हा तिसरा वर्ग इंग्रजांच्या काळी ‘व्हाइसरॉयज कमिशन्ड ऑफिसर’ या नावाने होता आणि स्वातंत्र्यानंतर त्याचे नाव बदलले. या वर्गाची जबाबदारी केवढी असते, हे 1962च्या युद्धात तवांगजवळ आपल्या प्लाटूनचे, म्हणजे छोट्या तुकडीचे, नेतृत्व करणारे परमवीरचक्रप्राप्त सुभेदार जोगिंदर सिंग यांच्याकडे पाहिले तरी कळते. तरुण लेफ्टनंटसुद्धा सुभेदाराला ‘साहब’ म्हणतो, तो उगाच नाही.

ताऱ्यांची गोष्ट थोडक्यात संपते. लेफ्टनंटच्या खांद्यावर दोन तारे असतात आणि सुभेदाराच्याही दोनच. मेजरच्या खांद्यावर सिंहमुद्रा असते आणि सुभेदार मेजरच्याही. फरक जेसीओंच्या चिन्हाखालच्या रंगीत फितीचा असतो, जी संदेशकर्त्याने पाहिलेलीच दिसत नाही.

आता ज्या मुद्द्याने खरी इजा केली त्याकडे येतो. ऑनररी कमिशन ही कुणी स्वतःच्या नावापुढे चिकटवण्याची गोष्ट नाही. दीर्घ आणि उत्तम सेवा केलेल्या जेसीओंपैकी निवडक जणांना प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिन यांच्या निमित्ताने ऑनररी लेफ्टनंट किंवा ऑनररी कॅप्टन हे पद दिले जाते. काहींना ते नोकरीत असतानाच मिळते, काहींना निवृत्तीच्या वेळी. 1987 साली सियाचीनवर पाकिस्तानी चौकी जिंकणारे बाना सिंग तेव्हा नायब सुभेदार होते आणि आज ऑनररी कॅप्टन आहेत. कारगिलच्या लढाईत टायगर हिलवर अनेक गोळ्या झेलणारे योगेंद्रसिंग यादव तेव्हा ग्रेनेडियर, म्हणजे शिपाई होते, आणि 2021 मध्ये ऑनररी कॅप्टन झाले. संदेशाचा निकष लावायचा तर या दोन परमवीरांचीही तक्रार करावी लागेल. ज्यांनी तो पुढे ढकलला त्यांनी एवढा तरी विचार करायला हवा होता.

याच संदेशात सचिन तेंडुलकर यांना 2010 मध्ये हवाई दलाने दिलेल्या मानद ग्रुप कॅप्टन पदाचे उदाहरण देऊन ‘ही सगळी शोभेची पदे’ असे म्हटले आहे. तेंडुलकरांचा सन्मान योग्यच होता, परंतु तो मैदानावरच्या कर्तृत्वासाठी आणि दलाशी नाते जोडण्यासाठी होता. ज्या माणसाने शिपाई म्हणून भरती होऊन एकेक पायरी चढत तीस वर्षे गणवेशात काढली, त्याला मिळालेले पद त्याच पारड्यात टाकणे हा अन्याय आहे. एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागते. ऑनररी कॅप्टनला नियमित कॅप्टनचे अधिकार मिळत नाहीत, आणि पाटीवर ‘कॅप्टन’च्या आधी ‘ऑनररी’ हा शब्द असायला हवा होता. तेवढेच कुणी मामांना घरी येऊन सांगितले असते, तर त्यांनी त्याच संध्याकाळी पाटी रंगवून घेतली असती.

जवान अधिकारी होत नाही, हे तर सरळ खोटे आहे. डेहराडूनचे आर्मी कॅडेट कॉलेज नेमके त्यासाठीच आहे. आणि बॉम्बे सॅपर्स या सैन्याच्या अभियंता दलातले रामा राघोबा राणे 1940 मध्ये साधे सैनिक म्हणून भरती झाले होते. 1948 साली काश्मीरमध्ये परमवीरचक्र मिळवताना ते सेकंड लेफ्टनंट होते आणि पुढे मेजर म्हणून निवृत्त झाले.

‘कॅप्टन हा शब्द फक्त लष्कराचा’ ही संदेशातली शेवटची ओळ मुंबईकराने तरी पुढे पाठवायला नको होती. नौदलाचा कॅप्टन लष्कराच्या कर्नलच्या बरोबरीचा असतो, लष्कराच्या कॅप्टनची बरोबरी नौदलातल्या लेफ्टनंटशी होते, आणि व्यापारी जहाजाच्या किंवा विमानाच्या कॅप्टनचा सैन्याशी संबंधच नसतो.

मामांची नवी पाटी मी करायला दिली आहे आणि तिच्यावर ‘ऑनररी कॅप्टन’ असे पूर्ण लिहिले आहे. सूचना ज्या गटात सर्वांदेखत केली गेली, दिलगिरीही त्याच गटात व्यक्त व्हावी, एवढी माझी मागणी आहे.