निलंबन काळ ‘आपोआप’ काहीच ठरत नाही

राज्य कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतो आहे: ‘निर्दोष सुटलात की निलंबन काळ आपोआप ड्युटी, शिक्षा झाली की तो काळ बुडाला, मिळालेला निर्वाह भत्ता तेवढाच तुमचा.’ निर्वाह भत्ता म्हणजे निलंबनात वेतनाऐवजी मिळणारी रक्कम. या संदेशावर विसंबून कर्मचारी अभिवेदनच (आपले म्हणणे मांडणारा लेखी अर्ज) करत नाहीत, आणि हक्काचे पैसे जातात.

‘निर्दोष म्हणजे आपोआप ड्युटी.’ नाही. महाराष्ट्र नागरी सेवेच्या 1981 च्या नियमांतील (पदग्रहण अवधी, स्वीयेतर सेवा आणि निलंबन, बडतर्फी व सेवेतून काढून टाकणे यांच्या काळातील प्रदाने) नियम 72 नुसार निलंबन सर्वस्वी असमर्थनीय होते, असे सक्षम प्राधिकाऱ्याचे (पुन्हा सेवेत घेण्याचा आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याचे) मत व्हावे लागते. तेव्हाच पूर्ण वेतन मिळते आणि काळ कर्तव्यकाळ, म्हणजे ड्युटी, ठरतो. फौजदारी खटल्यातल्या सुटकेनेही हे आपसूक होत नाही. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात तसे स्पष्ट केले.

‘शिक्षा झाली की काळ बुडाला.’ हा भाग सर्वांत घातक. शिक्षा होऊन कामावर परतलेल्याच्या बाबतीत पूर्ण वेतनापेक्षा कमी, पण निर्वाह भत्त्यापेक्षा कमी नसलेली रक्कम ठरवावी लागते. मूळ वेतन 50,000 असेल तर सुरुवातीचा निर्वाह भत्ता 25,000 आणि त्यावरचा महागाई भत्ता. प्राधिकाऱ्याने 75 टक्के वेतन ठरवले तर फरक मिळतो. रक्कम ठरवण्याआधी प्रस्तावित प्रमाण सांगणारी नोटीस हवीच. उत्तराची मुदत नोटिशीत असते, कमाल 60 दिवस. नोटीस न देता काढलेल्या आदेशावर मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) हाच मुद्दा पहिला घ्यावा.

अभिवेदनात नुसते ‘न्याय मिळावा’ लिहू नका. काळ कोणत्या प्रयोजनासाठी कर्तव्यकाळ धरायचा ते मागा: निवृत्तिवेतन, वेतनवाढ. आदेशात तसे स्पष्ट नसेल तर तो कर्तव्यकाळ ठरत नाही. ‘निलंबन काळ हा निलंबन काळ म्हणून धरावा’ एवढ्याच ओळीचे आदेश आजही निघतात. त्यात ना रक्कम, ना प्रयोजन. लगेच लेखी स्पष्टीकरण मागा, नाहीतर निवृत्तीच्या वेळी सेवापुस्तकावर आक्षेप येतो.

तो काळ देय रजेत बदलता येतो, पण कर्मचाऱ्याने मागितले तरच. आधी रजेचा हिशेब तपासा. अर्जित रजा शिल्लक नसेल आणि असाधारण रजा पदरी पडली, तर तिला वेतन नसते.

‘किरकोळ शिक्षा म्हणजे पूर्ण पगार,’ असेही सांगितले जाते. हा आधार केंद्राच्या 3 डिसेंबर 1985 च्या ज्ञापनाचा, केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठीचा. राज्यातल्या अर्जात नियम 72 लिहा.

चौकशी चालू असतानाच निलंबन उठले असेल, तर तेव्हाचा आदेश अंतिम नसतो. चौकशी संपल्यावर प्राधिकाऱ्याने स्वतःहून त्याचा फेरविचार करायचा असतो. तो झाला नसेल तर अंतिम आदेशाची प्रत जोडून मागणी करा.