अफवा फिरली, निकाल का नाही फिरला?

कोरोनाच्या काळात, २०२० च्या एप्रिलमध्ये मुसलमान विक्रेत्यांवर घातलेल्या बहिष्काराविषयी तुमच्या लेखात स्पष्ट लिहिलंत, आभार. दिल्लीतल्या निजामुद्दीनच्या तबलीगी जमात या मुस्लिम धर्मप्रचारक संघटनेच्या मेळाव्यातून कोरोना पसरल्याची चर्चा झाल्यावर, मुसलमान विक्रेत्यांकडून काही घेऊ नका, असे मेसेज आमच्या फोंड्यातही आले होते. टाळेबंदीच्या पहिल्या दिवसांत गोव्यात किराणा दुकानंसुद्धा बंद होती, माणसं धास्तावलेली होती, हे मान्य. पण रोगाची भीती सगळ्यांनाच होती आणि संशय मात्र एकाच समाजाच्या वाट्याला आला. आमच्या वाड्यावर वर्षानुवर्षं फळं आणणाऱ्या चाचांना फाटकातूनच परत पाठवलं. याच लोकांच्या पोरांना ते पैसे न घेता केळी द्यायचे! मला आजही त्याचा संताप येतो.

२१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगच्या परदेशी सदस्यांवरचे गुन्हे रद्द केले. त्यांना बळीचा बकरा करण्यात आल्याची शक्यताही न्यायालयाने बोलून दाखवली. एप्रिलमध्ये रोज मेसेज टाकणाऱ्यांपैकी एकानेही आमच्या ग्रुपवर तो निकाल टाकला नाही.

काश्मीरमधल्या पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतरही तेच. २२ एप्रिल २०२५ च्या त्या हल्ल्यात पर्यटकांना वाचवायला गेलेला स्थानिक मुसलमान घोडेवालाही मारला गेला, आणि तरी बाहेर शिकणाऱ्या काश्मिरी मुलांना अनेक शहरांत धमक्या आल्या.

लेखकाला एक विनंती. गोव्यात आडनाव ऐकून भाड्याची खोली नाकारतात, त्यावर कृपया सविस्तर लिहा. वास्को-मडगावच्या भाडेकरूंशी बोलून लिहा.