कार्डावरचा तेरावा रकाना

साउथ ऑस्ट्रेलियातील गव्हाच्या पट्ट्यात मी गेली नऊ वर्षे राहतो आहे. इथली शेती जवळजवळ पूर्णपणे पावसावर चालते आणि तिच्या इतिहासात एक रेषा आहे. जॉर्ज गॉयडर या सर्वेक्षण अधिकाऱ्याने 1865 मध्ये घोड्यावरून फिरून, कुठे कोणती झुडपे टिकतात हे पाहून ती आखली : तिच्या दक्षिणेला भरवशाने पेरावे, उत्तरेला मेंढ्या चाराव्यात. पुढे काही वर्षे पाऊस चांगला पडला, 1874 मध्ये रेषेचे बंधन उठवले गेले, लोक उत्तरेकडे सरकले आणि 1880 नंतरच्या अवर्षणांत अनेकांना शेती सोडून परतावे लागले. त्यांच्या दगडी घरांच्या भिंती आजही माळावर उभ्या दिसतात.

आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतीवरचा वाद मी इथून वाचतो. एक पक्ष म्हणतो की शेतकऱ्याने कापूस-सोयाबीन सोडून ज्वारी, तूर, भरडधान्यांकडे वळावे. दुसरा म्हणतो की आधी भाव द्या, पीक आपोआप बदलेल. भावाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. परंतु समोरचे वावर पावसाच्या खंडात किती दिवस पाणी धरून ठेवील, हा प्रश्न दोन्ही बाजू वगळतात आणि पिकाची योग्यता तर तिथेच ठरते.

गेल्या मे महिन्यात सुट्टीवर गेलो असताना थोरल्या भावासोबत आमच्या वावरात पहारीने तीन खड्डे घेतले. वरच्या अंगाला वीतभर खाली पहार मुरमावर आपटली. मधल्या पट्टीत हातभर काळी माती लागली. नाल्याकडच्या खोलगटात कंबरेएवढे खोदूनही मुरूम आला नाही, फक्त चुनखडीचे खडे दिसले. ढोबळ हिशेब केला तर भर वाढीतल्या पिकाला वरच्या तुकड्यात जेमतेम आठवड्याचे पाणी साठते, खालच्या तुकड्यात महिनाभराचे. तिन्ही ठिकाणांना मृद आरोग्य पत्रिका, म्हणजे माती तपासून सरकार देते ते कार्ड, मात्र एकच. दादा म्हणाला, "वरच्या अंगाची पऱ्हाटी खंड पडला की आधी मान टाकते, हे मला ठाऊक आहे. पण या कागदावर ते कुठे लिहिलंय?"

खरोखरच ते कुठेही लिहिलेले नाही. 2015 पासून दिल्या जाणाऱ्या या पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाशपासून बोरॉनपर्यंत बारा घटक असतात. नमुना वरच्या वीतभर थरातून घेतात आणि मातीच्या खोलीसाठी रकानाच नाही. योजनेच्या मूळ आराखड्यात बागायतीत अडीच हेक्टरांमागे एक नमुना होता, कोरडवाहूत दहा हेक्टरांमागे एक. जिथे दोन बांधांच्या आत जमीन बदलते आणि चूक निस्तरायला विहिरीचे पाणी नसते, तिथेच चाळणी मोठ्या भोकांची ठेवली, हे मला फार खटकते. ज्ञान आपल्याकडे नाही असे मुळीच नाही. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था नागपुरातच आहे. पण राज्याच्या मृदा नकाशावर एका सेंटीमीटरात अडीच किलोमीटर मावतात, त्यात दादाचा गट दिसणार कसा?

म्हणून गॉयडरची रेषा आपल्याकडे जशीच्या तशी आणावी, असे मी सुचवत नाही. इथल्या शेतकऱ्याकडे शेकडो, कुठे हजारो हेक्टर असतात. हलका तुकडा तो मेंढ्यांना सोडून देऊ शकतो. दोन हेक्टरवाल्याला 'अयोग्य' असा शेरा मिळाला आणि उद्या तोच शेरा पाहून कर्ज किंवा विमा नाकारला गेला, तर मूल्यमापनच त्याच्या मुळावर येईल. योग्यता नेहमी अमुक पिकासाठी असते : कापसाला जी बरड जमीन पुरत नाही, तिच्यावर साठ-सत्तर दिवसांचा मूग पदरात पडू शकतो. तेव्हा शेरा नको, बंदी तर नकोच. नमुना घ्यायला येणाऱ्याने मुरूम लागेपर्यंत गिरमिट घालावे, खोली मोजावी आणि पत्रिकेत तेरावा रकाना करून ती लिहावी; तुकडे तीन असतील तर तीनदा लिहावी. त्या वावरात काय पेरायचे, हे दादा ठरवील.