एम्युलेटर असला तरी खरे यंत्र लागतेच

“लॅपटॉपवर क्यूईएमयू (दुसऱ्या प्रकारच्या प्रोसेसरचे अनुकरण करणारा प्रोग्राम, म्हणजेच एम्युलेटर) असताना दूरच्या, अनेकांनी मिळून वापरायच्या सामायिक यंत्रांवर लॉगिन करून सॉफ्टवेअर तपासण्याची गरज उरलेली नाही,” असा दावा हल्ली वारंवार केला जातो. त्यासाठी तीन कारणे दिली जातात: एम्युलेटर हुबेहूब खऱ्या प्रोसेसरसारखा वागतो, सामायिक यंत्रे असुरक्षित असतात आणि ती सहज मिळत नाहीत.

पहिल्या कारणात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. आयबीएमच्या एस३९०एक्स या मेनफ्रेम प्रोसेसरमधील बाइटांचा उलटा क्रम किंवा आर्म प्रोसेसरच्या लिनक्सवर चिन्हरहित (ऋण संख्या न ठेवणारा) असणारा सी भाषेतील ‘कॅर’ प्रकार यांतून उद्भवणाऱ्या चुका क्यूईएमयू उत्तम पकडते. मेमरीच्या क्रमाचे मात्र तसे नाही. एक थ्रेड (प्रोग्राममध्ये समांतर चालणारा कामाचा धागा) आधी माहिती लिहितो आणि मग ‘तयार’ अशी खूण करतो; आर्म प्रोसेसरवर बॅरिअर (मेमरीतील क्रम राखायला लावणारी सूचना) नसेल, तर दुसऱ्या थ्रेडला खूण आधी आणि माहिती नंतर दिसू शकते. इंटेल किंवा एएमडीचे प्रोसेसर दोन लेखनांचा क्रम सहसा राखतात, त्यामुळे अशा लॅपटॉपवर आर्मचे अनुकरण केले की नेमकी हीच चूक झाकली जाते आणि चाचणी शंभर वेळा यशस्वी ठरते. माझ्या मते एवढे एकच कारण पुरेसे आहे. पेजच्या (मेमरी ज्या तुकड्यांत वाटली जाते त्यांच्या) आकाराचेही तेच: मेमरी वाटून देणारी जेमॅलॉक ही लायब्ररी ४ केबी पेज गृहीत धरून बांधली, तर १६ किंवा ६४ केबी पेजच्या कर्नेलवर (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर) ती चालण्यास नकार देते. पूर्ण यंत्राच्या अनुकरणात असे कर्नेल चालवता येते हे मान्य, परंतु त्या संथ गतीत मोठा चाचणीसंच रोज चालवणे अवघड होते.

सुरक्षिततेची शंका रास्त आहे, पण तिचा बंदोबस्त वापरणाऱ्याच्याच हाती आहे. अशा यंत्रांवर एसएसएच या सुरक्षित जोडणीने लॉगिन करताना आपली खासगी किल्ली सर्व्हरवर ठेवू नये, पहिल्या जोडणीच्या वेळी यजमानाच्या (म्हणजे त्या सर्व्हरच्या) किल्लीचा ठसा पडताळावा आणि एजंट फॉरवर्डिंग (आपली किल्ली त्या यंत्रावरून वापरू देण्याची सोय) बंद ठेवावे, कारण ते सुरू असेल तर त्या यंत्राचा रूट (सर्वाधिकारी) वापरकर्ता आपल्या नावाने इतरत्र प्रवेश करू शकतो. मधल्या सर्व्हरमधून जायचे असल्यास एसएसएचचा ‘प्रॉक्सीजंप’ हा पर्याय वापरावा.

उपलब्धतेविषयीचा आक्षेप तर टिकतच नाही. जीसीसी कंपाइल फार्म या वेगवेगळ्या प्रोसेसरच्या सामायिक यंत्रांच्या समूहावर मुक्त सॉफ्टवेअरचे विकासक विनामूल्य खाते मागू शकतात, आणि डेबियन या लिनक्स प्रकल्पाच्या पोर्टरबॉक्सवर (वेगवेगळ्या प्रोसेसरवर सॉफ्टवेअर तपासण्यासाठीच्या यंत्रांवर) बाहेरच्या योगदात्यांनाही पाहुणे खाते मिळू शकते. तेथे इतरांचीही कामे चालू असतात, म्हणून ‘मेक’ या सॉफ्टवेअर बांधणाऱ्या साधनाला प्रोसेसरचे सगळे कोर देण्यापूर्वी यंत्रावरचा भार अवश्य पाहावा.