शून्य म्हणजे शून्य ना?

आज संध्याकाळी चिप्पीवर, म्हणजे फिश-अँड-चिप्सच्या दुकानात, रांगेत उभी होते. फळ्यावर कॉड माशाचा भाव पुसून नवा लिहिलेला, अर्थात चढा. पुढची बाई तणतणली, "कोट्यापायी आमचा मासा गेला." तिघाचौघांनी माना डोलावल्या. कोटा म्हणजे वर्षाला किती मासा धरायचा त्याची मर्यादा. मी गप्प राहिले, आणि तेव्हापासून डोकं तापलंय.

शेजारचे आजोबा सत्तरच्या दशकात इथूनच, इंग्लंडच्या ग्रिम्सबी बंदरातून, ट्रॉलरवर, म्हणजे मोठ्या मासेमारी बोटीवर, जायचे. पहिल्यांदा चहाला आले तेव्हा कॉड केवढा असायचा ते त्यांनी उभं राहून दाखवलं. पंजा कमरेच्या वर धरला होता.

त्या दशकाच्या सुरुवातीला एकट्या नॉर्थ सीमधून वर्षाला ३ लाख टनांवर कॉड निघायचा. २००६ पर्यंत अंडी घालणारा मासा उरला जेमतेम ४४ हजार टन. मग बोटी मोडीत काढल्या, मोठ्या आसाची, म्हणजे मोठ्या भोकांची, जाळी आली, मासा जरा सावरला. २०१७ मध्ये 'खायला हरकत नाही' असा शिक्कासुद्धा मिळाला. लगेच सगळे तुटून पडले. २०१९ मध्ये शिक्का परत घेतला!

आणि आता? २०२६ साठी शास्त्रज्ञांनी सांगितलं, कॉड धरायचा तो शून्य. ब्रिटन, नॉर्वे आणि युरोपीय संघ टेबलाशी बसले आणि ठरवली कोट्यात ४४ टक्के कपात. अरे, शून्य म्हणजे शून्य ना? हा काय बाजारातला भाव आहे, निम्म्यावर तोडायला? हर्णैला पावसाळ्यात वर ओढलेल्या होड्या बघत मी वाढले. बंदी म्हणजे बंदी, घरात चूल कशीही पेटो. तुम्हाला हे सांगायला नको.

मान्य, हॅडॉक या दुसऱ्या माशाच्या जाळ्यात कॉड येतोच, आणि समुद्र तापला त्यात बोटवाल्यांचा दोष नाही. पण म्हणून मासे मोजणाऱ्या शास्त्रज्ञांना शिव्या?

इथल्या लिलावात येणारा बराचसा मासा आइसलँड-नॉर्वेचा. तिकडेही, नॉर्वेच्या उत्तरेच्या बॅरेंट्स समुद्रात, कॉडचा कोटा २०१३ मध्ये १० लाख टन होता, २०२६ ला २ लाख ८५ हजार. मग जायचं कुठे?

आजोबांचं काम १९७६ मध्ये गेलं. आइसलँडने २०० मैलांची हद्द आखली आणि इंग्लिश ट्रॉलर बाहेर काढले. मी विचारलं होतं, राग येत नाही? म्हणाले, "तेव्हा आला होता. पण पोरी, आम्हीही कुठे थांबत होतो." कमरेवरचा तो पंजा मला तेव्हा परत आठवला.

त्या बाईवर चिडले खरी, पण तिचाही बाप किंवा आजा बोटीवर असेल. इथे कुणाचा नव्हता?

ग्रिम्सबीकर तसे हॅडॉकवाले, आजोबांना मात्र कॉडच लागतो. आज त्यांच्यासाठीही हॅडॉकच आणला. कागद उघडून विचारलं, "कॉड नव्हता का?"

"होता," म्हटलं.

काही बोलले नाहीत. आधी चिप्स संपवल्या, मग मासा खाल्ला.