दारावरची बेल आणि पाचवा इंजेक्टर

आमच्या गाडीचा जन्म १९७८ चा. एकदा चालायला लागली की अजूनही कुणाला हार जात नाही. पण त्या गारठ्याच्या सकाळी सेल मारला तर नुसती कण्हली. दुसऱ्यांदा खोकली. तिसऱ्यांदा बॅटरीनेच मान टाकली.

चार सिलिंडरना पेट्रोल फवारणारे चार इंजेक्टर असतात हे मला ठाऊक होतं. पाचवाही एक असतो, आणि तो फक्त थंड इंजिनाला सेल मारताना इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेत, जादा पेट्रोल फवारतो, हे फवारा बंद पडल्यावर कळलं. (घरातल्या काही माणसांचंही असंच असतं.) इंजिनात जळते ती पेट्रोलची वाफ, आणि थंडीत पेट्रोलला वाफ व्हायचा भारी कंटाळा. बरंचसं थेंब होऊन गार भिंतींना चिकटून बसतं. एरवी वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा पुरते. गारठ्यात तो हिशोब चालत नाही, हात सैल सोडावा लागतो.

टेस्ट लॅम्प लावून पाहिलं. इंजेक्टर धडधाकट होता. गेला होता त्याला हुकूम देणारा साहेब, थर्मो-टाइम स्विच. दिसायला पितळी बोल्ट, बूड कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात. आत दोन धातूंची जोडपट्टी आणि तिला ऊब देणारी तार. सेल मारला की तार तापते, पट्टी वाकते, अर्थिंग तुटतं, फवारा बंद. उणे २० अंशांना जेमतेम आठ सेकंद. इंजिन जितकं कोमट तितका वेळ कमी, आणि साधारण ३५ अंशांच्या वर एक थेंबसुद्धा नाही. कुठे थांबायचं हे त्या पट्टीला चाळीसएक वर्षं अचूक कळत होतं. मला ते जेवतानाही कळत नाही.

नवा स्विच मागवला, पण तो यायला तीन आठवडे. तोवर काय? तारेचा तुकडा घेतला आणि स्विचला वगळून अर्थिंग थेट जोडून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी अर्ध्या सेलमध्ये सुरू! एवढ्याशा तारेचं काम करायला लोक बोल्ट कशाला बनवतात, असं मी घरात दोनदा तरी म्हणालो असेन.

उत्तर संध्याकाळी मिळालं, भर रस्त्यात. तापलेलं इंजिन बंद पडलं, मी सेल मारला, आणि पाचव्या इंजेक्टरने इमानेइतबारे पेट्रोल ओतलं. पुन्हा सेल, पुन्हा पेट्रोल. मागे हॉर्नचा गजर. "ओव्हर झालीय काका," शेजारून जाणारा एक पोरगा नाक दाबून म्हणाला. पेट्रोल जादा होऊन इंजिन गुदमरलं की त्याला म्हणतात ओव्हर. शेवटी बॉनेट उघडून ती कर्तबगार तार उपटली, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ठेवला आणि सेल मारत राहिलो, तेव्हा कुठे काळा धूर सोडत ती जागी झाली.

म्हणजे फवारा आपल्या ताब्यात हवा. बटण हवं! घरात हाताशी एकच बटण होतं, दारावरच्या बेलचं. ते काढून डॅशबोर्डखाली बसवलं. दारावर उरलं एक भोक आणि दोन तारा. येणारे-जाणारे दार बडवू लागले.

एका हाताने किल्ली, दुसऱ्या हाताने बेल, तोंडाने "एक, दोन, तीन". १९१२ साली कॅडिलॅकने गाडीला विजेचा स्टार्टर दिला आणि हँडल मारणाऱ्या हातांची सुटका केली. मी ते हात परत कामाला जुंपले. त्यात घाबरलो की माझे सेकंद आखूड होतात आणि खूश असलो की लांबतात. आखूड झाले तर गाडी उठत नाही, लांबले तर प्लग भिजतात. एका आठवड्यात चार प्लग इतक्या वेळा काढून पुसले की डोळे मिटूनही कुठला कोणत्या सिलिंडरचा ते सांगितलं असतं.

मध्ये एक इलेक्ट्रॉनिक टायमरही लावून पाहिला. त्याला सेकंद बिनचूक कळायचे, थंडी मात्र कळायची नाही. दोन दिवसांत त्याला घरी पाठवलं. मग इंजिनाला थर्मामीटर चिकटवला आणि डॅशबोर्डवर तक्ता: इतक्या अंशांना इतके सेकंद. रोज सकाळी बॉनेट उघडायचं, तापमान वाचायचं, तक्ता बघायचा, बटण दाबायचं.

बायको चहाचा कप घेऊन हे सगळं पाहत होती. "म्हणजे एक बोल्ट बिघडला आणि त्याच्या जागी तुम्ही लागलात?"

"तात्पुरता."

"तो इतकी वर्षं गप्प राहून काम करत होता," ती म्हणाली आणि आत गेली.

स्विच आला. जुना काढताना कूलंटने कोपरापर्यंत अभिषेक केला, बाकी काम दहा मिनिटांचं. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली. दीड सेकंदात इंजिन सुरू. मला कुणी काही विचारलंसुद्धा नाही. तक्ता फाडला, बटण दारावर परत बसवलं.

काल संध्याकाळी कुणीतरी बेल दाबली आणि बोट काढायलाच तयार नाही. मी आतून ओरडत धावलो, "सोडा! अहो सोडा, ओव्हर होईल!"