स्वतःचा सिबिल रिपोर्ट पाहिला म्हणून स्कोअर पडत नाही

'कृपया स्वतःचा सिबिल पाहत बसू नका. एकदा पाहिला की स्कोअर दहा-पंधराने खाली येतो. रिपोर्टला पैसे पडतात, आणि हप्ते वेळेवर भरणाऱ्याला त्याची गरजच नसते. चूक निघालीच तर सिबिलवाले ऐकत नाहीत, एजंट गाठावा लागतो.' अशा आशयाचा मेसेज नातेवाइकांच्या, सोसायटीच्या, ऑफिसच्या ग्रुपवर फिरतोय. घरासाठी कर्ज काढायच्या तयारीत असलेली माणसं तो वाचून रिपोर्ट उघडायचंच टाळतात. सिबिल रिपोर्ट म्हणजे तुमची कर्जं, क्रेडिट कार्डं आणि त्यांच्या परतफेडीची नोंद, आणि स्कोअर म्हणजे त्यावरून काढलेला आकडा. म्हणून मेसेजमधला एकेक दावा तपासू.

पाहिलं की स्कोअर पडतो, हे साफ चुकीचं आहे. रिपोर्ट कोण मागवतंय, यावर सगळं ठरतं. तुम्ही कर्जासाठी किंवा क्रेडिट कार्डासाठी अर्ज केलात की बँक तुमचा रिपोर्ट मागवते. बँकेचं नाव, तारीख, कर्जाचा प्रकार आणि रक्कम अशी त्याची नोंद रिपोर्टमधल्या इन्क्वायरीच्या भागात होते. ही हार्ड इन्क्वायरी. थोड्या दिवसांत अशा बऱ्याच नोंदी झाल्या तर हा माणूस कर्जासाठी दारोदार फिरतोय असा अर्थ काढला जातो आणि स्कोअरला फटका बसू शकतो. तुम्ही स्वतःचा रिपोर्ट पाहता ती सॉफ्ट इन्क्वायरी. ती स्कोअरच्या हिशोबात धरलीच जात नाही, मग वर्षातून एकदा पाहा नाहीतर दर आठवड्याला.

गैरसमज कुठून येतो, तेही दिसतं. काही ॲपवर 'तुम्हाला किती कर्ज मिळेल ते पाहा' असं बटण असतं. आपल्याला वाटतं आपण स्कोअर पाहतोय, प्रत्यक्षात कर्जाचा अर्ज पुढे गेलेला असतो. तिथे स्कोअर हलला तर तो अर्जामुळे. बटण दाबण्याआधी संमतीचा मजकूर वाचावा, इतकंच त्यावर उत्तर आहे.

आता पैशांचं. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीने (म्हणजे लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीने), तिच्याकडे ज्याची नोंद आहे अशा व्यक्तीला, दर कॅलेंडर वर्षात एक पूर्ण रिपोर्ट स्कोअरसकट मोफत द्यायचा आहे. अशा कंपन्या देशात चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. आपण सगळ्यालाच सिबिल म्हणतो, पण चौघींचे रिपोर्ट वेगळे असतात. म्हणजे वर्षाला चार पूर्ण रिपोर्ट फुकट. दर तीन महिन्यांनी एकीचा काढला तर वर्षभर लक्ष राहतं. कंपनीच्या साइटवर पैसे भरायच्या योजना समोर मांडलेल्या असतील, त्यांना न भुलता मोफत वार्षिक रिपोर्टची लिंक शोधायची. साइटचा पत्ता स्वतः टाइप करा, मेसेजमधून आलेल्या लिंकवर पॅन आणि ओटीपी देऊ नका.

मेसेजमधला सगळ्यात घातक दावा तिसरा आहे: हप्ते वेळेवर भरताय ना, मग कशाला पाहायचं? हप्ते भरणं तुमच्या हातात आहे, ते नोंदवणं नाही. ते काम बँक किंवा फायनान्स कंपनी करते, आणि क्रेडिट माहिती कंपनी आलेली माहिती साठवते. तुमच्या घरात ठेवलेली पावती किंवा एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला, तिला दिसत नाही. त्यामुळे नोंद चुकली तर ती ओळखू शकणारा माणूस एकच, तो म्हणजे ज्याचा रिपोर्ट आहे तो.

माझ्या एका सहकाऱ्याचं उदाहरण देतो. दुचाकीचं कर्ज पूर्ण फेडलं, आरसीवरचा बोजा उतरवला, एनओसी फाइलला लावली. पुढे गृहकर्जाला अर्ज केला तर नकार. रिपोर्ट उघडल्यावर दिसलं की दुचाकीचं खातं अजून चालूच आहे आणि थकबाकी ५९० रुपये. एका हप्त्याचा बाऊन्स चार्ज, म्हणजे खात्यातून हप्ता न वटल्याचा दंड, हिशोबात राहून गेला होता. खात्याखाली महिन्या-महिन्याचे चौकोन असतात, हप्ता किती दिवस थकला ते त्यात लिहिलेलं असतं. वेळेवर भरलं की ०००. याच्या चौकोनांत आधी ओळीने ०००, आणि शेवटी आकडे वाढत वाढत तीन महिन्यांच्या पुढे गेलेले. कर्ज थकवणाऱ्याचे असतात तसेच चौकोन, आणि या माणसाने एकही हप्ता बुडवला नव्हता.

असं आणखी काय काय निघतं? नावात किंवा पॅनच्या एखाद्या अक्षरात घोळ होऊन दुसऱ्याचंच कर्ज आपल्या रिपोर्टमध्ये येतं. आपल्या पॅनवर कुणी परस्पर ॲपवरून छोटं कर्ज उचललेलं असतं. मेव्हण्याच्या कर्जाला जामीन राहिलेला माणूस ते विसरून जातो, पण ते कर्ज जामीनदार म्हणून त्याच्याही रिपोर्टमध्ये असतं आणि मेव्हण्याने थकवलं की झळ त्यालाही बसते. म्हणून नुसता आकडा पाहून ॲप बंद करू नका. स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो, आणि ७८० दिसला म्हणून आत सगळं ठीक असेलच असं नाही. नाव, पॅन, पत्ते, मोबाइल, मग प्रत्येक खातं, त्याची मालकी, शिल्लक, बंद झाल्याची तारीख आणि शेवटी इन्क्वायरी, या क्रमाने वाचा. न केलेल्या अर्जाची इन्क्वायरी दिसली तर लगेच त्या बँकेला विचारा. बँकेने रिपोर्ट मागवला की एसएमएस किंवा ईमेलने कळवायचं बंधन आता कंपन्यांवर आहे, त्यामुळे तुमचा चालू नंबर त्यांच्याकडे असायला हवा.

चूक निघाली तर कुणी ऐकत नाही, यात अर्धं सत्य आहे. क्रेडिट माहिती कंपनी स्वतःच्या मनाने नोंद बदलू शकत नाही, या कंपन्यांसाठीच्या २००५ च्या कायद्यानुसार संबंधित बँकेने दुजोरा द्यावा लागतो. म्हणून तक्रार दोन्हीकडे करायची. कंपनीच्या साइटवर मोफत डिस्प्यूट, म्हणजे चुकीच्या नोंदीची तक्रार, नोंदवायचा, आणि बँकेला एनओसी जोडून लेखी कळवायचं, पोच घ्यायची. निकालाला ३० दिवसांची मुदत आहे, त्यातले २१ दिवस बँकेचे. ही मुदत उलटली तर दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेने हा नियम ऑक्टोबर २०२३ मध्ये काढला, तो पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये लागू झाला. तरीही दाद नाही मिळाली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तीही विनाशुल्क. क्रेडिट माहिती कंपन्या १ सप्टेंबर २०२२ पासून लोकपालाच्या कक्षेत आहेत. हे माहीत नसल्यामुळेच लोक पहिल्या 'बघतो' वर गप्प बसतात, आणि याची मला फार चीड येते.

उरला एजंट. वर सांगितलेलं सगळं तुम्ही स्वतः करू शकता, तोही तेच करतो, फक्त तुमचा पॅन, आधार आणि ओटीपी त्याच्या हातात जातो. खरी असलेली नोंद मात्र तो पुसू शकत नाही. कर्ज तडजोडीने मिटवलं असेल तर खातं 'सेटल्ड' दिसतं, आणि पुढची बँक त्याकडे संशयानेच पाहते. ते बदलायचं असेल तर थेट बँकेशी बोला. तडजोडीत बँकेने सोडून दिलेली रक्कम भरायची तयारी दाखवा, किती भरायचे ते लेखी घ्या, भरल्यावर थकबाकी नसल्याचा दाखला घ्या आणि खातं 'क्लोज्ड' म्हणून कळवायला सांगा. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते. त्यामुळे महिनाभर थांबून चारपैकी ज्या कंपनीचा मोफत रिपोर्ट शिल्लक असेल तो काढा आणि नोंद बदललीय का ते पाहा.